पाटीवर एक जास्त

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक दगडी पाटी टांगलेली आहे. लहान पोरांची असते तशीच, लाकडी चौकटीची. एका कोपऱ्यातून फुटली आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यावर उद्याच्या जेवणाचा आकडा लिहितो. त्या आकड्यावर पीठ काढलं जातं, डाळ भिजते, दूध सांगितलं जातं. आकडा म्हणजे त्या दिवशी आश्रयाला असलेल्या बाया आणि त्यांची मुलं. पाटीवर आहे तो आश्रमात आहे, पाटीवर नाही तो नाही, इतकं सरळ.

बायका-मुलांच्या या आश्रमात मी भांडार सांभाळतो. धान्य, तेल, साबण, चादरी, औषधाची पेटी, गॅसच्या टाक्या, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, कोणी वाढदिवसाचं जेवण देणार असेल तर त्याचा निरोप, सगळं माझ्याकडे. आधी मी एका वसतिगृहात हेच काम करत होतो. पोरांच्या पोटाचा अंदाज मला चांगला होता, आणि त्या अंदाजाचा मला गर्व होता. माझ्या हाताखाली अन्न कधी उरलं नाही आणि कधी कमी पडलं नाही, असं मी पाहुण्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात एक बाई परत सासरी गेली. समेट झाला होता. नवरा फाटकाबाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. ती तिचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, कडेवर पोरगं घेऊन निघाली, आणि एकानंही तिला वाटे लावलं नाही. मला ते पाहवलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही कधी असं पाठवलं नव्हतं. दारातून निघताना तिची ओटी भरली जाई, तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. आई तिच्या तोंडात साखर घाली.

त्या रात्री मी बायकोला म्हणालो की या बायांनाही कोणी तरी ओटी भरून पाठवायला पाहिजे. तिला ते फार आवडलं. सामानाची तर अडचणच नव्हती. लोक आश्रमाला जे दान देतात त्यात ब्लाउजपीस सगळ्यात जास्त. कोणाच्या तरी लग्नात मिळालेले, कपाटात घडी मोडलेली नाही असे, त्याच त्या रंगांचे, कुठून कुठे फिरत आलेले. माझ्या कोठीत त्यांची थप्पी होती. साड्याही येत. तांदूळ होताच. फक्त नारळ बाजारातून आणायचा.

आमच्या अधीक्षिका मॅडम विधवा. त्यांनी ओटी भरलेली चालणार नाही असं त्या स्वतःच म्हणाल्या. स्वयंपाक करणारी मावशी वाशीमकडच्या मालेगावजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरातली. तिनंही नकार दिला, पण तिचं कारण वेगळं होतं. आपल्या घरात आजोबांपासून हे सगळं सुटलं आहे, आणि सुटलं ते बरंच झालं, असं ती म्हणाली. म्हणून माझी बायको येऊ लागली. चांगलं लुगडं नेसून, करंडा घेऊन, सकाळी माझ्या मागे गाडीवर बसून. बाया मला भाऊ म्हणत, म्हणून ती त्यांची वहिनी झाली. ओटी घेताना बाया रडत. माझी बायकोही रडे. घरी येताना ती म्हणे, आज फार समाधान वाटलं.

मलाही वाटे. आश्रम बघायला येणाऱ्यांना मी हे सांगत असे. आमच्याकडून बाई जाते ती माहेराहून निघाल्यासारखी जाते, हे माझं वाक्य ठरलेलं होतं. एका दानशूर बाईंनी त्यावर फोटो काढून घेतला, तो अजूनही कार्यालयाच्या भिंतीवर आहे. माझ्या बायकोचे हात आहेत त्यात, आणि एका बाईचा पदर. चेहरे नाहीत. चेहरे घ्यायचे नाहीत असा नियम आहे.

मावशी एकदाच बोलली. मी नारळाला शेंडी आहे ना ते पाहत होतो. ती कोपऱ्यात पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "बकऱ्यालेबी कापाच्या आंधी हळदकुकू लावतेत, भाऊ."

मला राग आला. मी म्हणालो की तुम्हाला श्रद्धा नाही तर नसू दे, पण दुसऱ्याच्या चांगल्यावर थुंकू नका.  तिनं चाळणी जरा जोरात आपटली.

मी ज्या बाईविषयी सांगणार आहे ती एका वर्षी होळीनंतर आली. किन्हीराजाच्या पलीकडे एका खेड्यात तिचं सासर, आणि माहेर शिरपूरकडचं. वय पंचवीसच्या आत. डाव्या मनगटाला सरकारी दवाखान्यातलं प्लास्टर, सोबत पाच वर्षांची मुलगी. हाड नवऱ्यानं मोडलं होतं. तिनं ते आल्या दिवशी एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून ती एका हातानं मावशीला भाकरी थापायला मदत करू लागली. मावशी ओरडे, ती हसे. एका हाताची भाकर गोल होत नसे, म्हणून तिची भाकर टोपल्यात ओळखू येई. पोरं मुद्दाम तीच मागत.

मुलीला मी एक काम दिलं होतं. संध्याकाळी पाटी पुसायची आणि खडू आणून द्यायचा. हळूहळू तिनं हट्ट धरला की आकडाही तीच लिहिणार. तिला बारापुढं मोजता येत नव्हतं, पण मी हवेत बोटानं आकडा काढून दाखवला की ती तो पाटीवर काढी. चारचा आकडा तिला जमे. एकला ती शेपूट जास्तच लांब काढी.

वैशाखात आमची अवस्था वाईट झाली. आश्रम तीस जणांसाठी. त्या दिवसांत पाटीवर चाळीसच्या वर आकडा जाऊ लागला. विहीर आटली होती. टँकर दोन दिवसांआड. डाळ आठ-नऊ दिवस पुरेल इतकीच होती आणि पुढच्या धान्याचा पत्ता नव्हता. बाया रांगेत बादल्या लावत आणि रांगेतच भांडत. मी दिवसातून तीनदा पिंपात काठी घालून पाणी किती उरलं ते पाहत असे.

आठवड्याच्या बैठकीत मॅडम, समुपदेशन करणाऱ्या ताई आणि मी असे तिघं असतो. त्या बैठकीत मी जे बोललो ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणालो, "ज्यांचं जमून राह्यलं त्यांना जाऊ द्या. मी किती दिवस पाणी घालून वरण वाढवू?"

कोणाचं नाव मी घेतलं नाही. पण त्या वेळी एकाच बाईच्या घरच्यांचे फोन येत होते, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. सासरा दोनदा येऊन गेला होता. तिचा सख्खा भाऊही त्याच्यासोबत आला होता, मेव्हण्याच्या बाजूनं. माझ्या घरी तिला जागा नाही, तिनं आपलं घर पाहावं, असं त्यानं मॅडमना स्पष्ट सांगितलं. पुढच्या बुधवारी नवरा आला. पांढरा शर्ट घालून आला, मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून बसला, पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून दिलं. प्लास्टर काढायला मीच दवाखान्यात नेईन, असंही म्हणाला. तिला विचारलं. ती हो म्हणाली. कायद्यानं तिची मर्जी चालते, आणि तिची मर्जी कागदावर आली. गुरुवारी सकाळी निघायचं ठरलं.

मी लगेच गाडी काढून बाजारातून नारळ आणला. बायकोला फोन केला. कोठीतून एक हिरवी साडी काढली, पिवळ्या काठाची, त्या दिवसांत आलेल्यांत सगळ्यात चांगली. हे सगळं मी किती आनंदानं केलं ते मला आता सांगताना लाज वाटते. मग मी पाटी खाली घेतली. त्या दिवशी पोरीची वाट पाहिली नाही. एक्केचाळीस होते ते पुसून मीच एकोणचाळीस लिहिले.

संध्याकाळी उजेड असतानाच ती सामान जमा करायला कोठीत आली. दोन ताटं, दोन वाट्या, एक बादली, चादर, पोरीची सतरंजी. मी वहीत खुणा करत होतो. सगळं बरोबर होतं, तरी ती उभीच राहिली. दाराकडे पाहत होती. तिथून पाटी दिसते.

"भाऊ," ती म्हणाली, "मले अजून आठ दिवस पाटीवर राहू देता का? पलस्तर निंगेपर्यंत?"

मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती असती तर मी काही वेगळं केलं असतं, अशी माझी समजूत मी पुष्कळ दिवस घालत होतो. पण भीती नव्हती. एखादी बाई दुकानदाराला उधारीसाठी जरा थांबा म्हणते तसा तिचा आवाज होता. मागताना ओशाळलेला.

मला काय करायचं होतं ते माझ्या कामात स्पष्ट लिहिलेलं आहे. उठून मॅडमकडे जायचं आणि सांगायचं की बाईचं मन बदललं आहे. पन्नास पावलं होती. मॅडमनी एका शब्दात जाणं थांबवलं असतं, त्या तशा आहेत. त्याऐवजी मी म्हणालो की बाई, तू मॅडमसमोर हो म्हणालीस ना. सकाळी तुझी वहिनी येणार आहे ओटी भरायला. नारळपण आणून ठेवला.

ती माझ्या मागच्या फळीकडे पाहू लागली. नारळ तिथं साडीवर ठेवला होता.

"आणला का?" ती म्हणाली. "मंग झालं."

आणि गेली.

हे शब्द तिनं रागानं म्हटले नाहीत. त्यात उपरोधही नव्हता. शुभ कामाची तयारी झाली, आता आपण मोडता घालायचा नाही, एवढंच होतं त्यात. आमच्याकडे बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. मलाही ते माहीत होतं, म्हणूनच मी नारळाचं नाव घेतलं. मी तिला धमकावलं असतं तर ती कदाचित मॅडमकडे गेली असती. मी तिला नारळ दाखवला.

सकाळी माझी बायको आली. प्रार्थनेच्या खोलीत पाट मांडला. बाया गोळा झाल्या. ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांनी धरावा लागतो. तिच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, बोटं सुजलेली, पदराचं टोक त्यात टिकेना. दोनदा निसटलं, तांदूळ सांडले. मग तिच्या मुलीनं पुढं होऊन ते टोक धरलं. एका बाजूनं आई, एका बाजूनं पाच वर्षांची पोरगी, आणि मध्ये माझी बायको ओंजळीनं तांदूळ घालत होती. पाच वेळा घातले. नारळ ठेवल्यावर वजनानं पोरीचा हात खाली गेला. ती दोन्ही हातांनी तो पेलत राहिली.

कोणी रडलं नाही त्या दिवशी. बायको घरी जाताना समाधान वाटलं असं म्हणाली नाही.  मालेगावच्या बसस्टँडपाशी आल्यावर गाडीवर मागून म्हणाली, त्या पोरीनं काहून धरला पदर. मी म्हणालो, हात मोडला होता ना आईचा. ती म्हणाली, ते मलाही दिसलं.

मला नंतर कळलं की त्या सकाळी मायलेकींना खायला काही नव्हतं. पाटीवर नव्हत्या, म्हणून त्यांच्या वाट्याची भाकर झाली नव्हती. मी धरलं होतं की घरी जाऊनच जेवतील. मावशीनं आपल्या ताटातलं त्यांना दिलं आणि मला सांगितलं नाही. महिन्याभरानं दुसऱ्याच भांडणात ते तिच्या तोंडून निघालं.

माझा आकडा मात्र बरोबर आला. एकोणचाळीस. काही उरलं नाही.

पाऊस वेळेवर झाला, विहीर भरली, धान्यही आलं. धान्य तर ती गेल्यावर आठ दिवसांतच आलं. ती आठ दिवसच मागत होती.

पौषात मी तूर आणायला किन्हीराजाकडे गेलो. त्या भागातले एक मोठे शेतकरी दरवर्षी मळणी झाली की दोन पोती आश्रमाला देतात. पोत्यांसाठी टेम्पो सांगितला होता. त्यांच्या खळ्यात मळणीयंत्र चालू होतं, सगळीकडे भुसा उडत होता, आणि बाया तोंडाला कापड गुंडाळून काम करत होत्या. मी लांब उभा राहिलो. यंत्र थांबल्यावर दोघी जणी आमची पोती भरायला आल्या. एक सूप भरून ओतत होती, दुसरी पोत्याचं तोंड धरून होती. धरणारीच्या डोक्याला हिरवं कापड होतं, पिवळ्या काठाचं. साडी फाडून केलेलं.

साडी ओळखू आल्यावर मग मी बाईकडे पाहिलं. डावं मनगट वाकडं जुळलं होतं, हात कोपरापासून थोडा बाहेर वळलेला. कापड खाली घेतलं तेव्हा डावा डोळा दिसला. बुबुळावर पांढरं आलं होतं.

दुसरी बाई पाणी प्यायला गेली. मी तिला विचारलं. तिनं जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. प्लास्टर काढायला कोणी दवाखान्यात नेलं नाही. सासऱ्यानं घरीच भिजवून कापून काढलं. डोळ्याचं पोळ्याच्या आधी झालं. कशानं ते ती बोलली नाही आणि माझीही विचारायची हिंमत झाली नाही. पोरगी शाळेत घातली आहे, एवढं सांगताना तिचा आवाज जरा बरा होता.

मग मी तो प्रश्न विचारला. आता वाटतं की तो विचारण्याचा हक्क मला नव्हता.

"मंग तू आली काहून नाई आमच्याकडं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला खरंच समजत नाही की काय, हे तिला कळत नव्हतं.

"तुमी ओटी भरून धाडली ना, भाऊ," ती म्हणाली. "मंग बलावनं कोठं आलं?"

मला वाटलं टोमणा आहे. मी कसनुसं हसलोही. पण टोमणा नव्हता. ती मला समजावून सांगू लागली, लहान भावाला सांगावं तसं. डोळ्याचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन फाट्यापर्यंत आली होती. वाशीमकडं जाणारी बस समोर उभी होती. तिथं तिला वहिनी आठवली, पाट आठवला. सख्ख्या भावानं जी ओटी भरली नाही ती इथं भरली, लोकांनी आपल्याला लेकीसारखं वाटे लावलं. तसं निघालेल्या बाईनं आपलं आपण उठून, बोलावलं नसताना, फुटलेलं तोंड घेऊन त्याच दारात कसं जावं. वहिनीला काय वाटेल. बस गेली. ती घरी परतली.

मी दर आठवड्याला ज्या माहेराच्या गोष्टी पाहुण्यांना सांगत होतो ते माहेर तिनं खरं मानलं होतं. आणि चुकीचं मानलं असं तरी मी कसं म्हणू? चार दिवस खाऊ घालावं, मग आता आपलं घर पाहा म्हणावं, वर साडी द्यावी म्हणजे तिला बोलता येऊ नये. तिच्या भावानं साडी तरी दिली नव्हती. तो सरळ नाही म्हणाला. त्याच्यावर रागावणं तिला सोपं होतं.

मी म्हणालो की बोलावण्याची गरज नाही, तू कधीही ये, आजच चल, टेम्पो आहे. असं मी म्हणालो. पण आवाजात काही कमी असावं. कारण तिनं विचारलं, "आज किती हायेत पाटीवर?"

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

विचार न करताच निघालं ते तोंडातून. सवयीनं. कोणीही विचारलं की मी आकडा सांगतो, तो नेहमी माझ्या जिभेवर असतो. पण खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो की आकडा सांगताना त्यात दोन मिळवून सेहेचाळीस होतात, आणि सेहेचाळीसला पीठ किती लागेल, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. क्षणभरच. तिच्या एका डोळ्याला ते दिसलं.

"लय झाले," ती म्हणाली.

तिनं दाभण घेतला, सुतळी ओवली आणि आमच्या पोत्याचं तोंड शिवून टाकलं. टाके घट्ट घातले. वाकड्या हातानं पोतं टेम्पोपर्यंत ढकलायलाही मदत केली. मी तिथंच उभा होतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी मॅडमना सगळं सांगितलं. बैठकीतलं त्यांना माहीतच होतं, कोठीतलं सांगितलं. आठ दिवस मागितले होते ते.  मॅडम एवढंच म्हणाल्या की भाऊ, माझी खोली किती लांब होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चक्रं फिरवली. संरक्षण अधिकारी आणि पोलीस बाई तिच्या घरी जाऊन आल्या. सासूसमोर तिनं जबाब दिला की माझी काही तक्रार नाही, डोळ्यात तुरीची तुराटी गेली. अंगठा दिला नाही, सही केली. तिला सही येते हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर ती त्या शेतकऱ्याच्या कामावर यायची बंद झाली. मी दोनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, भाऊ, तुम्ही विचारता म्हणून तिच्या घरी वांधे होतात.

ती तूर आम्ही भरडून आणली. चांगली निघाली, लवकर शिजणारी. दोन महिने सगळ्यांनी खाल्ली. मावशीला मी सांगितलं होतं की पोतं कोणी शिवलं. पोतं उघडताना तिनं सुतळी कापली नाही. एकेक टाका उसवून काढला आणि सुतळी गुंडाळून खिळ्याला लावून ठेवली.  बकऱ्याची आठवण तिनं करून दिली असती तर बरं झालं असतं.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मी तरी विचारायला हवं होतं की तिला जायचं आहे का. पाच वेळा ओंजळ भरली, एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं असतं. तिनं करंडा कपाटात वर ठेवला. आश्रमात ती पुन्हा आली नाही. आमच्या स्वतःच्या बहिणीची ओटीही आता माझी भावजय भरते.

मी ओटी बंद केली. वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. त्यावर काय झालं तेही सांगतो. मागच्या वर्षी एक बाई स्वतःच्या मनानं, खरोखर स्वतःच्या मनानं, परत निघाली. निघताना ती कोठीच्या दारात थांबली. आधी गेलेल्या एका बाईकडून तिनं ओटीचं ऐकलं होतं. मला म्हणाली, "माही ओटी नाई भरत का, भाऊ? मले असंच धाडता का, टाकलेल्या बाईवानी?"

मी तिला समजावलं की आता आम्ही भरत नाही. काही बिनसलं तर तुला परत येता यावं, म्हणून भरत नाही.

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. निघायच्या वेळी असं अशुभ बोलू नका म्हणाली, आणि रडत फाटकाबाहेर गेली. तिचा नवरा माझ्याकडे रागानं पाहत होता, आणि त्या वेळी तो बरोबर होता. ब्लाउजपिसांची थप्पी अजून कोठीत आहे. लोक आणून देतच राहतात. मी नको म्हणत नाही.

आता मी एक गोष्ट करतो, ती कोणाला सांगितलेली नाही. मावशीला न सांगता कळली आहे. रोज संध्याकाळी पाटीवर आकडा लिहिताना मी एक जास्त लिहितो. अडतीस असले तर एकोणचाळीस. पहिल्या आठवड्यात मावशीनं दारातली डोकी मोजली, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कोन?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कोणी आलंच अचानक तर.

"पोट्टीबी संगं असंन ना," ती म्हणाली. "मंग एकानं कसं भागंन?"

दुसऱ्या दिवशी दोन जास्त लिहायचे असं मी ठरवलं होतं. पण त्या दिवशी टँकरवाल्याशी भांडण झालं, पीठ कमी होतं, आणि मी एकच लिहिला. तेव्हापासून एकच लिहितो. मावशीनं पुन्हा विचारलं नाही.

ती आली नाही. फाट्यावरची बस रोज येते. आमच्या समोरच्या रस्त्यावर थांबते, चार माणसं उतरतात, मी कोठीच्या खिडकीतून पाहतो. जागा ठेवली आहे असं मी मनाशी म्हणतो, पण तेही खरं नाही. ती जास्तीची भाकर टोपल्यात तळाशी राहते, आणि संध्याकाळपर्यंत ती कोणी तरी खातंच. पोरं भुकेची असतात. टोपलं उपडं करून ठेवताना त्यात काही नसतं. मी पाटी पुसतो आणि उद्याचा आकडा लिहितो.